आईने परत केलेली कादंबरी

पत्र :

मी चाळिशीची आहे. गेल्या वर्षी विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ‘पथेर पांचाली’ ही बंगाली कादंबरी मराठी अनुवादात वाचली आणि अक्षरशः वेडी झाले. लागोपाठ दोनदा वाचली. अपू आणि दुर्गा ही भावंडं माझ्या घरात राहायला आल्यासारखं वाटायचं. माझ्या आईचं बालपण फार गरिबीत गेलं. ती त्याबद्दल बोलत नाही. मला जे थोडंफार माहीत आहे ते मावशीकडून. हे पुस्तक आईपर्यंत पोचायलाच हवं असं मला वाटलं. तिच्या वाढदिवसाला दिलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘आई, ही तुझीच गोष्ट आहे.’

काही दिवसांनी तिने ते परत केलं. दुर्गेवर माळ चोरल्याचा आळ येतो आणि तिची आई सर्वजया तिला मारते, त्या पानात खूण होती. आई म्हणाली, ‘जे विसरण्यात माझा जन्म गेला ते तू हौसेने वाचतेस?’ बस, एवढंच. भांडण नाही, अबोला नाही. पण मला तेव्हापासून ते पुस्तक उघडवत नाही. माझा नवरा म्हणतो, गरिबीचं कौतुक भरल्या पोटीच सुचतं. मीही स्वतःला विचारते आहे की दुसऱ्यांच्या हालांवर रडून मी सुख घेत होते का? माझं हे आवडणं खोटं आहे का? आणि आईला पुढचं वाचायला कसं सांगू? शेवटपर्यंत वाचलं तर तिलाही आवडेल, याची मला खात्री आहे.

उत्तर :

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थोडक्यात देता येतं. आईला ते पुस्तक पुढे वाचायला सांगू नका. आडून सुचवू नका, तिच्या नजरेला पडेल असं टेबलावर ठेवू नका, मावशीकरवी गळ घालू नका. तिला जेवढं वाचवलं तेवढं तिने वाचलं आणि परत केलं. पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचा हक्क कुठल्याही वाचकाला असतो. तुमच्या आईला तर तो इतरांपेक्षा जास्तच आहे.

‘शेवटपर्यंत वाचलं तर आवडेल’ असं तुम्ही लिहिलंय. शेवटपर्यंत काय काय होतं ते जरा आठवून बघा. दुर्गा तापात जाते. तिचे वडील, हरिहर, किती दिवसांनी घरी येतात, तिच्यासाठी साडी घेऊन येतात, आणि साडी दाखवायला लेकीला हाक मारतात तेव्हा ती नसल्याचं त्यांना कळतं. पुढे गाव सुटतं. काशीला हरिहरही वारतो. सर्वजया एका श्रीमंत घरात स्वयंपाकीण म्हणून राहते आणि त्या घरात तिच्या मुलाला छड्या बसतात. अगदी शेवटी रस्त्याचा देव अपूशी बोलतो, वाट अजून संपलेली नाही, पुढे पुढे जात राहा असं सांगतो, आणि आपण डोळे पुसत पुस्तक मिटतो. पण तो दिलासा अपूला मिळालेला आहे. सर्वजयेशी कुठलाही देव बोलत नाही. तुम्हाला तो शेवट उभारी देतो, कारण तुम्ही सगळी वाट अपूचं बोट धरून चाललात. आई कुणाच्या सोबतीने वाचत होती ते तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही.

आता जिथे दुखलं तिथे येते. मला वाटतं, तिला कादंबरीपेक्षा पहिल्या पानावरची तुमची ओळ लागली असावी. जी बाई आयुष्यभर आपल्या लहानपणाबद्दल बोलली नाही, तिने काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं याचा विचार कधीच करून ठेवलेला असतो. ते न बोलणंही तिनेच कमावलेलं असतं. आणि एके दिवशी मुलगी छापील पुस्तक हातात देऊन म्हणते, ही तुझीच गोष्ट. तुमच्या मनात प्रेमच होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या ओळीने तिच्या वतीने दोन गोष्टी परस्पर ठरवून टाकल्या: तिचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, आणि ते असं होतं. यातलं पहिलं खरं नाही. दुसरं खरं की खोटं हे फक्त तीच सांगू शकते.

तिने खूण कुठे ठेवली, हे तुम्ही आवर्जून कळवलंत ते बरं केलंत. ते पान मी पुन्हा काढून वाचलं. शेजारची सेजठाकरुण पोरांना घेऊन अंगणात येते. दुर्गेच्या खेळण्यांची पेटी सगळ्यांसमोर उघडली जाते. मण्यांची माळ निघते, बागेतले आंबे निघतात. मग जे बोलणं होतं ते माळेपुरतं राहत नाही, देण्याघेण्यावर जातं, घरादारावर जातं. त्या निघून गेल्यावर सर्वजया लेकीवर तुटून पडते. तो मार माळेसाठी नसतो, हे वाचणाऱ्याला कळतं. शेजारणीपुढे मान खाली घालावी लागली, उलट उत्तर द्यायला तोंड उरलं नाही, तो सगळा राग घरातल्या सगळ्यात दुबळ्या जिवावर निघतो.

तुम्ही-मी तिथे दुर्गेसाठी हळहळतो. पण त्या अंगणात बरीच माणसं आहेत. मार खाणारी मुलगी आहे, मारणारी आई आहे, सगळं बघणारा धाकटा भाऊ आहे, आणि ज्यांची माळ गेली त्यांची पोरंही आहेत. अशा घरात वाढलेल्या माणसाला यातल्या कुणाच्याही जागी स्वतः दिसू शकतं. कुणाच्या जागी, ते शोधायला जाऊ नका. मावशीला विचारू नका. मी हे का सांगते? तुम्ही हुशार आहात, तुमच्या मनात या खुणेवरून एव्हाना एक तर्क तयार झालाही असेल. तो तर्क सोडून द्या. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल, नाहीतर नाही.

त्या खुणेबद्दल आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. तोवर इंदिर ठाकरुणचा सगळा भाग वाचून झालेला असतो. म्हणजे ज्या म्हातारीला सर्वजया आपल्याच घरातून घालवून देते, जी शेवटी परक्या छपराखाली मरते, ते सगळं तुमच्या आईने वाचलं. पहिल्या पानावरच नको म्हणाली असती तरी तिला कोण काय बोलणार होतं? ती वाचत राहिली, कारण पुस्तक तुम्ही दिलं होतं. ‘हौसेने वाचतेस?’ हा प्रश्न तुम्हाला टोचतोय, स्वाभाविक आहे. पण त्याआधीची ती सगळी पानं तिने तुमच्यासाठी वाचली, हेही धरून चला.

आता तुमचं आवडणं. ते खोटं नाही. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. माझी कारणं कादंबरीतच आहेत.

अपूच्या डब्यातल्या वस्तू आठवा. रंग उडालेला लाकडी घोडा, पोचे पडलेली पत्र्याची पिपाणी, दोन पैशांचं खेळण्यातलं पिस्तूल, खापराचे तुकडे आणि आईच्या लक्ष्मीपूजेच्या टोपलीतून गुपचूप काढून घेतलेल्या काही कवड्या. लेखक एकेक वस्तू अशा गांभीर्याने मांडतो, जणू सराफ पेटीतले दागिने मोजून देतोय. ‘बिचारा, याच्याकडे खेळणी नाहीत’ असा सूर कुठेही नाही, कारण अपूला तसं वाटतच नाही. मग दुर्गा येते, कैऱ्या दाखवते. आई घाटावर गेलेली आहे, पटकन तेल-मीठ आण म्हणते. दोघं चोरून ते कालवून खातात, आई यायच्या आत संपवायची घाई, तोंड पूस म्हणून तिचा दम, आणि पुढे दात आंबले म्हणून अपूचं नकळत फुटलेलं बिंग. मराठीतून वाचतानाही तोंडाला पाणी सुटतं.

त्याच प्रकरणात, काही पानांवर, हरिहर घरी येतो आणि नवराबायकोचं बोलणं होतं. रायांच्या घरच्या कामाची ८ रुपयांची मिळकत, तीही दोन-तीन महिन्यांनी हातात पडणारी. दारात तगादा लावणारी माणसं. पोरांच्या अंगावर धड कपडा नाही. कैरी आणि कर्ज एकाच दुपारी, एकाच घरात. लेखक दोन्ही शेजारी ठेवतो आणि स्वतः काहीच बोलत नाही. पोरांना आईचं माहीत नाही, आईला पोरांचं माहीत नाही, दोन्हीकडचं कळतं ते फक्त वाचणाऱ्याला. तुम्ही लागोपाठ दोनदा वाचलंत ते या दुहेरी कळण्यासाठी, असं मला वाटतं. हालांची चटक लागलेला माणूस कैरीशी थांबत नाही, तो तगाद्यावर जातो आणि तिथेच उसासे टाकत बसतो. तुम्ही पत्रात ‘भावंडं घरात राहायला आल्यासारखं वाटायचं’ असं लिहिलंत. कीव आलेली माणसं आपण घरात राहायला आणत नाही.

तुमच्या यजमानांचा आक्षेप जुना आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. या कादंबरीवरच्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला, सत्यजित राय यांना, तो थेट ऐकावा लागला होता. सिनेमा १९५५ चा. १९८० मध्ये राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नर्गिस यांनी, राय आपल्या देशाची गरिबी परदेशात नेऊन दाखवतात, असा आरोप केला आणि त्यावर बराच वाद झाला. अशी पुस्तकं आणि असे सिनेमे असतात, हे खरंच आहे. त्यांत गरीब माणसाला भूक सोडून दुसरं काही नसतं. त्याला आवडनिवड नसते, त्याला खोटं बोलता येत नाही, तो कुणाचा मत्सर करत नाही. तो फक्त सोसतो, म्हणजे आपल्याला रडता येतं.

दुर्गेला हे लावून बघा. ती हावरट आहे, रानावनात भटकते, दुसऱ्याच्या बागेत शिरते, उचलते, वेळ आली की खोटं बोलते, आणि मिळालेलं सगळं भावाशी वाटून खाते. सोन्याच्या कुंकवाच्या करंड्याचा प्रसंग मला या बाबतीत फार मोठा वाटतो. शेजारच्या घरी करंडा हरवतो, दुर्गेवर आळ येतो, तिला मारमार मारतात, ती कबूल होत नाही. वाचताना आपण तिच्या बाजूचे असतो. ती गेल्यावर, गाव सोडायच्या वेळी, अपूला तो करंडा घरातच सापडतो. तिने घेतला होता! सिनेमात करंड्याच्या जागी माळ आहे आणि अपू ती तळ्यात फेकतो, बहुतेकांना तेच आठवतं. कादंबरीत अपू करंडा बांबूच्या बनात लांब फेकून देतो, म्हणजे कुणाला कधी कळणार नाही. लेखकाला नुसतं रडवायचं असतं तर दुर्गेला निर्दोष ठेवणं सगळ्यात सोपं होतं. त्याने तिला चोर ठरू दिलं आणि तरीही आपलं प्रेम कणभर कमी होऊ दिलं नाही. गरीब माणसाला इतकं पूर्ण माणूस म्हणून बघणं, हे कौतुक नव्हे आणि दया तर नव्हेच.

‘भरल्या पोटी’ हा शब्द राहिला. विभूतिभूषण १८९४ सालचे. वडील महानंद पुराणकथा सांगणारे, संस्कृत जाणणारे, आणि घरची परिस्थिती ओढगस्तीची. हरिहरात त्यांची सावली आहे. पण ‘पथेर पांचाली’ त्यांनी लिहिली ती त्या घरात बसून नव्हे. १९२५ नंतरच्या काही वर्षांत ते भागलपूरकडे एका जमीनदारीच्या नोकरीत होते, आपल्या गावापासून लांब, आणि तिथे त्यांनी ती लिहिली. मासिकातून क्रमशः आली, १९२९ मध्ये पुस्तक झालं. दुर्गा तर पहिल्या खर्ड्यात नव्हतीच, भागलपूरला दिसलेल्या एका अनोळखी मुलीमुळे त्यांनी सगळं नव्याने लिहिलं, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. म्हणजे ते लहानपण लिहायला त्यांनाही त्यापासून दूर यावं लागलं, पगाराची सोय व्हावी लागली. अंतर पडल्याशिवाय काही गोष्टी बघताच येत नाहीत. पोट भरलेलं असणं हा तुमचा दोष नाही. तुमचं पोट भरलेलं असावं यासाठी तर तुमच्या आईने जन्म घालवला.

आणि ‘रडून सुख घेत होते का’ याचं उत्तर खुद्द अपूने दिलंय. दुपारी जेवणं आटोपली की सर्वजया खिडकीपाशी आडवी होऊन काशीदासांचं फाटकं महाभारत सुरात वाचते आणि अपू ऐकतो. त्याला सगळ्यांत कर्ण आवडतो. रथाचं चाक जमिनीत रुतलंय, कर्ण ते उपसतोय आणि बाण येतोय, हे ऐकताना त्या पोराचे डोळे भरून येतात, आणि उद्या तेच पुन्हा ऐकायचं असतं. ज्याच्या घरात उद्याच्या तांदळाची खात्री नाही, तोसुद्धा दुसऱ्याच्या दुःखावर रडतो आणि त्यात त्याला सुख मिळतं. त्याला कुणी खोटा म्हणेल का?

पण त्याच दुपारकडे जरा आईच्या बाजूने बघा. सर्वजया वाचते ते महाभारत. कर्जात बुडालेल्या बाईची, गळक्या छपराची गोष्ट कुणी तिला दिली असती तर तिने ती वाचली असती का? मला नाही वाटत. दिवसभर जे हातांनी उपसायचं तेच दुपारी पुन्हा डोळ्यांनी कशाला उपसायचं? तिला राजे हवे होते, शाप हवे होते, कुरुक्षेत्र हवं होतं. तुमच्या आईचंही असं काही असेल. ती काय वाचते, काय ऐकते, कुठल्या मालिकेच्या वेळी फोन उचलत नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. अपूच्या डब्यातली प्रत्येक वस्तू तुम्हाला पाठ असेल, म्हणून हे जाणवलं.

सर्वजयेच्या बाजूने कादंबरी पुन्हा वाचा, ही माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे. पहिल्यांदा सगळे अपूच्याच नजरेने वाचतात. लेखकानेच तशी सोय केलीय, त्या मुलाला प्रत्येक झुडूप नवं असतं आणि आपणही त्याच्याबरोबर हरखतो. सर्वजयेला झुडपं दिसत नाहीत. तिला दिसतं ते रिकामं होत आलेलं मडकं. तिच्याबरोबर वाचायला लागलात की कादंबरीचा वेगच बदलतो. इंदिर ठाकरुणला ती घालवते ते प्रकरण तुम्हाला आता सहन होणार नाही, आणि तरी तिचं सगळं समजेल. लेखक तिची बाजू घेत नाही, तिला माफही करत नाही. गरिबीने माणसं उपाशी राहतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. आपल्याच घरातली चांगली माणसं एकमेकांशी कशी वागायला लागतात, हे त्यातून गेलेल्यांनाच आठवतं, आणि तेच आठवायला नको असतं.

मग तो पावसाळा. हरिहर बाहेरगावी, त्याचं पत्र नाही, पैसे नाहीत. छप्पर गळतंय. सर्वजया घरातली वस्तू घेऊन शेजारणीकडे जाते आणि तिच्या बदल्यात तांदूळ मागते. दुर्गेचा ताप चढत जातो, वादळाची रात्र, आणि कोरडी जागा शोधत दोन मुलांना कुशीत घेऊन बसलेली ती एकटी बाई. अपूच्या नजरेने वाचताना आपल्याला त्या दिवसांतलं दुर्गेचं एक वाक्य लक्षात राहतं, बरी झाले की मला एकदा आगगाडी दाखवशील ना. सर्वजयेबरोबर वाचताना ती रात्रच लक्षात राहते, तासातासाने.

या सगळ्यात तुमचं स्वतःचं पानही मला सापडलंय, असं वाटतं. अपू वडिलांबरोबर एका शिष्याच्या घरी जातो. तिथे त्याला मोहनभोग मिळतो, तुपाने थबथबलेला, बेदाणे घातलेला. पहिला घास घेतो आणि त्याच्या लक्षात येतं की आपली आई ज्याला मोहनभोग म्हणते तो म्हणजे पाण्यात शिजवून गूळ मिसळलेला रवा. आपण गरीब आहोत हे त्याला तिथे, त्या घासाला, पहिल्यांदा कळतं. आणि त्याच क्षणी आईबद्दल त्याला विलक्षण माया दाटून येते. तुम्ही त्या घासाशी आहात. तुमच्या ताटात सगळं आहे, आईने काय शिजवून काय नाव दिलं होतं ते तुम्हाला आत्ता उमगतंय आणि जीव कळवळतोय. त्या कळवळ्यातून तुम्ही पुस्तक दिलंत. कळवळा शंभर टक्के खरा. तो तिच्यापर्यंत पोचवण्याचा रस्ता मात्र चुकला, आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा आहे.

कसा, ते सांगते. पुस्तकाचा विषय तुम्हीच एकदा काढा, एकदाच, आणि तो मिटवण्यासाठी काढा. दोघी कामात असताना बोललात तर बरं, समोरासमोर बसून बोलण्याने उगाच भार येतो. म्हणा, ‘आई, मी त्या पुस्तकावर तुझीच गोष्ट असं लिहायला नको होतं. तुझी गोष्ट मला माहीत नाही.’ एवढंच. पुढे ‘सांग ना’ जोडू नका. मला वाचून तुझी किती आठवण आली वगैरेही नको, कारण मग पुन्हा ती तुमची समजूत काढायच्या कामाला लागेल. ती ‘हं’ म्हणेल, किंवा विषय बदलेल. बदलू द्या.

पुढे कधी, महिन्याने किंवा वर्षाने, ती आपणहून काही बोललीच तर दोन गोष्टी सांभाळा. ‘अगदी पुस्तकातल्यासारखं!’ हे उद्गार गिळून टाका, कितीही ओठांवर आले तरी. आणि ती काही गंमतीचं सांगत असेल तर हसा. गरिबीतलं बालपण म्हटलं की ऐकणारा लगेच चेहरा पाडतो आणि सांगणाऱ्याला वाटतं, हिला फक्त रडायचंय. तिच्याही आठवणीत एखादी चोरून खाल्लेली कैरी असेल, एखादी भांडकुदळ बहीण असेल, कुणाची तरी हुबेहूब नक्कल असेल. ते ऐकताना हळूच फोनवर रेकॉर्ड करू नका. मावशीकडून ऐकलेलं मध्येच जोडून तिची गोष्ट पुरी करू नका. ती जिथे थांबेल तिथे थांबा.

तुम्ही मात्र पुस्तक पुन्हा उघडा. आई घरात असतानाही वाचा, ती आली की उशीखाली सारू नका. लपवलंत तर तिला वाटेल की तिच्या एका वाक्याने तुमच्याकडून काही हिसकावून घेतलं, आणि तसं तिला मुळीच नको असेल. तिने विचारलं कुठवर आलीस, तर सांगा. पुढे काय होतं म्हणाली तर तेही सांगा, दुर्गा जाते हेसुद्धा. तिच्यापासून काही झाकायची गरज नाही.

एक तपासून घ्या. तुमच्या प्रतीत कथा निश्चिंदिपूर हे त्यांचं गाव सोडण्यापाशी थांबते का? १९६८ च्या प्रसिद्ध इंग्रजी अनुवादात काशीचा तिसरा भाग घेतलेला नव्हता, सिनेमाही गाव सोडण्यापाशी संपतो, आणि त्यामुळे बऱ्याच वाचकांच्या मनात कादंबरी तिथेच संपते. मूळ बंगालीत तीन भाग आहेत. तुमची प्रत अपुरी असेल तर ग्रंथालयातून पूर्ण अनुवाद मिळवा, कारण तो तिसरा भाग माझ्या मते सर्वजयेचाच आहे. त्यानंतर ‘अपराजित’ घ्या, १९३२ मध्ये पुस्तकरूपात आलेला पुढचा खंड. त्यात अपू शिकायला दूर जातो, आई मागे एकटी राहते आणि एकटीच जाते. ती गेल्याची बातमी कळल्यावर पहिल्या क्षणी अपूला सुटल्यासारखं वाटतं, आणि मग स्वतःचीच भीती वाटते. इतकं निर्दय खरं फार थोड्या लेखकांनी मुलाबद्दल लिहून ठेवलंय. ते प्रकरण वाचायच्या आधी आईला फोन करून ठेवा. कारण काही सांगू नका, नेहमीसारखंच बोला. आणि सध्या ती काय वाचते ते विचारायला विसरू नका.